कोड्याकडून युक्तिवादाकडे : कायद्याच्या प्रवेशपरीक्षेतील तर्कप्रश्नांचा इतिहास (थ्रेड)

१/ ऑगस्ट २०२४ मध्ये एलसॅट या अमेरिकेतील कायद्याच्या प्रवेशपरीक्षेतून 'लॉजिक गेम्स' हा विभाग वगळण्यात आला. चार दशके या विभागाने उमेदवारांची झोप उडवली होती. तो गेला, पण तर्कप्रश्न गेले नाहीत. उलट त्यांचे वजन वाढले. त्याच्या चार वर्षे आधी भारतात क्लॅटनेही असेच वळण घेतले होते. कोडी मागे का पडली आणि युक्तिवाद का उरला, हे कळले की या प्रश्नांना सामोरे कसे जावे हेही बऱ्याच अंशी कळते.

२/ या इतिहासाची सुरुवात परीक्षेपासून नव्हे, वर्गापासून होते. १८७० मध्ये क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हार्वर्डच्या विधिविद्यालयाचे डीन झाले. नियम पाठ करून घेण्याऐवजी त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती न्यायालयांचे प्रत्यक्ष निवाडे ठेवले. निवाडा वाचायचा, त्यातील नियम स्वतः शोधायचा आणि वर्गात प्रश्नांच्या माऱ्यापुढे त्याचे समर्थन करायचे, अशी ती रीत होती.

३/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत अमेरिकेतील प्रमुख विधिविद्यालयांत रुळली. तिचा एक परिणाम असा की कायद्याच्या विद्यार्थ्याकडून पाठांतराहून वेगळ्या गुणाची अपेक्षा होऊ लागली. दिलेल्या मजकुरातून काय निघते, काय निघत नाही आणि दोन प्रकरणे कुठवर सारखी आहेत, हे ओळखता यायला हवे होते. तर्कप्रश्नांचे मूळ या अपेक्षेत आहे.

४/ मग दुसरे महायुद्ध संपले. १९४४ च्या 'जी.आय. बिल'मुळे परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागले आणि विद्यापीठांत अर्जांचा पूर आला. वेगवेगळ्या महाविद्यालयांतून, वेगवेगळ्या विषयांतून आलेल्या या उमेदवारांची तुलना करायची कशी? १९४५ मध्ये कोलंबियाचे प्रवेश-संचालक फ्रँक बोल्स यांनी कॉलेज बोर्डाकडे कायद्यासाठी स्वतंत्र प्रवेशपरीक्षेची कल्पना मांडली.

५/ १० नोव्हेंबर १९४७ रोजी काही विधिविद्यालयांचे प्रतिनिधी या परीक्षेचे स्वरूप ठरवण्यासाठी एकत्र आले. पुढच्याच फेब्रुवारीत, १९४८ मध्ये, पहिली एलसॅट झाली. तिचे दहा विभाग होते आणि ती पूर्ण दिवस चालली. परीक्षेचा हेतू मर्यादित होता : विधिविद्यालयाच्या पहिल्या वर्षात उमेदवार कसा टिकेल, याचा अंदाज बांधणे. चांगला वकील किंवा न्यायाधीश ओळखण्याचा दावा त्यात नव्हता. पुढचे बरेच वाद ही मर्यादा विसरल्यामुळे निर्माण झाले.

६/ १९८२ च्या सुधारित स्वरूपात 'लॉजिक गेम्स' आले. नमुना असा : पाच वक्ते, पाच दिवस. 'क' हा 'ख'च्या आधी बोलतो. 'ग' बुधवारी बोलत नाही. 'घ' आणि 'ङ' लागोपाठच्या दिवशी बोलतात. तर गुरुवारी कोण बोलू शकेल? यात कायद्याचा संबंध नाही, बाहेरच्या माहितीचा उपयोग नाही. नियम दिलेले आहेत. ते एकमेकांत गुंफून काय शक्य आणि काय अशक्य, एवढेच सांगायचे.

७/ या प्रश्नांवर एक ठरलेला तोडगा तयार झाला : आकृती. पाच चौकटी आखा, नियम चिन्हांत लिहा, अशक्य जागांवर फुल्या मारा. शिकवण्या आणि मार्गदर्शक पुस्तके यांचा मोठा भर आकृती काढण्याच्या सरावावर असे. ज्याला आकृती पटकन जमते त्याला उत्तर पटकन मिळते, हे सूत्र बनले. मोजायचा होता तर्क. मोजली जात होती बरीचशी कागदावरची रेखाटनाची सफाई.

८/ ही गोष्ट उघडी पाडली ती मिशिगनमधील एका अंध उमेदवाराने. ज्याला चौकटी आखता येत नाहीत आणि आखलेल्या पाहता येत नाहीत, त्याच्यासाठी हा विभाग तर्काची परीक्षा उरतच नाही. २०११ पासून हा वाद न्यायालयात होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये तडजोड झाली : परीक्षा घेणाऱ्या संस्थेने चार वर्षांच्या आत विश्लेषणक्षमता तपासण्याचे पर्यायी मार्ग शोधण्याचे मान्य केले.

९/ संशोधनाअंती संस्थेने जे ठरवले ते पाहण्यासारखे आहे. नवे कोडे तयार करण्याऐवजी तिने कोड्यांचा विभाग काढला आणि युक्तिवादाच्या प्रश्नांचे आणखी एक सत्र घातले. ऑगस्ट २०२४ पासून गुण मिळणाऱ्या तीन सत्रांपैकी दोन तार्किक युक्तिवादाची आणि एक उताऱ्याच्या आकलनाचे आहे. वाचून, ऐकून किंवा ब्रेलमधून समजून घेता येईल असा मजकूर आणि त्यातील विचाराची तपासणी, एवढा गाभा उरला.

१०/ आता भारत. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधिविद्यालयात १९८८ मध्ये पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली. त्या संस्थेच्या धर्तीवर इतर राज्यांत विद्यापीठे निघाली, पण प्रत्येकाची प्रवेशपरीक्षा वेगळी. बारावीच्या विद्यार्थ्याला निरनिराळ्या शहरांत, कधी एकमेकांवर आदळणाऱ्या तारखांना धावावे लागे. २००६ मध्ये हा प्रश्न याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्यातून ११ मे २००८ रोजी सात विद्यापीठांची पहिली सामाईक परीक्षा, क्लॅट, झाली.

११/ सुरुवातीच्या क्लॅटमध्ये दोन तासांत २०० प्रश्न असत. तर्काच्या विभागात नातेसंबंध, अंकमाला, सांकेतिक लिपी, दिशा, बैठकव्यवस्था आणि 'विधान व गृहीतक' असा मिश्र बाजार होता. बँकेच्या किंवा रेल्वेच्या परीक्षेतही हेच प्रश्न शोभले असते. वेग आणि सराव यांची कसोटी लागे. कायद्याच्या अभ्यासाशी असलेला धागा मात्र पातळ होता.

१२/ २०१७ मध्ये राष्ट्रीय विधिविद्यालयांचा संघ स्थापन झाला आणि २०२० पासून परीक्षेचा साचा बदलला. सुटी कोडी मागे पडली. उतारा द्यायचा आणि त्यावर प्रश्न विचारायचे, ही पद्धत आली. तर्कविभागात आता आधारविधाने व निष्कर्ष ओळखणे, निष्कर्ष कशावर उभा आहे ते सांगणे, तो कशाने बळकट वा कमकुवत होतो ते ठरवणे आणि विसंगती शोधणे अपेक्षित आहे. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून प्रश्न १२०, वेळ तीच दोन तास. त्यातले साधारण बावीस ते सव्वीस प्रश्न तर्काचे.

१३/ महाराष्ट्राची वाट थोडी निराळी. २०१६ पासून राज्याची विधी सीईटी होते आणि तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. तिथे जुन्या धाटणीच्या कोड्यांना अजून जागा आहे. यातली एक गंमत भाषेची : इंग्रजी 'अंकल' म्हणजे बापाचा भाऊ की आईचा, हेच नात्याच्या कोड्याचे मर्म असू शकते. मराठीत 'काका' किंवा 'मामा' लिहावेच लागते आणि अर्धे कोडे भाषांतरातच सुटते! कोडे भाषेला चिकटलेले असते. युक्तिवाद बऱ्याच अंशी भाषा ओलांडतो.

१४/ मग युक्तिवादाच्या प्रश्नाला भिडायचे कसे? पहिले काम : निष्कर्ष शोधणे. तो उताऱ्याच्या शेवटीच असतो असे नाही. शासकीय अधिसूचनेची जुनी मराठी आठवावी : 'ज्याअर्थी… आणि ज्याअर्थी… त्याअर्थी'. प्रत्येक 'ज्याअर्थी' हे आधारविधान, 'त्याअर्थी' नंतरचा मजकूर हा निष्कर्ष. उताऱ्यातील वाक्ये मनातल्या मनात या साच्यात बसवून पाहावीत. जे वाक्य 'त्याअर्थी'पुढे शोभते, पण 'ज्याअर्थी'पुढे शोभत नाही, तोच निष्कर्ष.

१५/ दुसरे काम : न लिहिलेला दुवा शोधणे. समजा, युक्तिवाद असा आहे : 'या गावात अमुक राजाचा ताम्रपट सापडला, म्हणून हे गाव त्याच्या राज्यात होते.' इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे लगेच खटकते. ताम्रपट ही हलवता येणारी वस्तू आहे. दान मिळालेले कुटुंब स्थलांतर करताना तो सोबत नेऊ शकते. म्हणजे युक्तिवादाने गुपचूप मानले आहे की ताम्रपट जिथे सापडला तो तिथलाच आहे. हेच गृहीतक.

१६/ गृहीतक पडताळण्याची खात्रीची कसोटी म्हणजे नकार. पर्यायातील विधान उलटे करून पाहावे. 'ताम्रपट बाहेरून आणलेला आहे' असे मानले की निष्कर्ष कोसळतो; म्हणजे मूळ विधान खरोखर आवश्यक होते. 'राजा दानशूर नव्हता' असे मानले तरी निष्कर्षाला धक्का लागत नाही. म्हणजे 'राजा दानशूर होता' हा पर्याय कितीही आकर्षक असला तरी चुकीचा.

१७/ तिसरे काम : कारण आणि योगायोग वेगळे करणे. 'ज्या वर्षी जकात वाढली त्याच वर्षी पेठ ओस पडली, म्हणून जकातीने पेठ बुडाली.' हा युक्तिवाद कमकुवत करायचा असेल, तर तीन दारे ठोठावावीत. तिसरेच कारण होते का, उदाहरणार्थ दुष्काळ? क्रम उलटा होता का, म्हणजे पेठ ओसरू लागल्यामुळे तूट भरायला जकात वाढली? जकात न वाढलेल्या शेजारच्या पेठाही ओस पडल्या का?

१८/ युक्तिवाद बळकट कशाने होतो? स्वतंत्र पुराव्याने. शिवजन्माची तिथी हे ठळक उदाहरण. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' आणि राजस्थानात सापडलेली जन्मपत्रिका यांतूनही तीच तिथी मिळाली. एकाच बखरीच्या दहा नकलांपेक्षा परस्परांशी संबंध नसलेली तीन साधने अधिक वजनदार. पर्याय निवडताना हाच तराजू वापरावा.

१९/ चौथे काम : 'तर' आणि 'तरच' यांतील दरी ओळखणे. 'पाऊस पडला तर सामना रद्द होईल' आणि 'पाऊस पडला तरच सामना रद्द होईल' ही दोन निराळी विधाने आहेत. पहिल्यात पाऊस पुरेसा आहे, दुसऱ्यात आवश्यक. इंग्रजीत 'इफ' आणि 'ओन्ली इफ' यांत भल्याभल्यांची गल्लत होते. मराठीत तो फरक एका 'च'मध्ये मावतो. इंग्रजी उताऱ्यातील अट मनात मराठीत करून पाहिली की ती कुठल्या बाजूची आहे हे चटकन उमगते.

२०/ या चुकीची चिकित्सा आपल्याकडे फार जुनी आहे. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान होते, पण अग्नीवरून धुराचे होत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त हा विचार थोडक्यात आला आहे. त्या ग्रंथाची आठल्ये व बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १८९७ मध्ये निघाली.

२१/ यावरून 'एलसॅट आमच्या न्यायशास्त्रातून निघाली' असा निष्कर्ष काढणे मात्र याच परीक्षेत नापास होण्यासारखे आहे. साम्य हा वंशावळीचा पुरावा नव्हे. म्हणता येते ते एवढेच : वादसभेत बसलेल्या माणसांना दोन निरनिराळ्या परंपरांत त्याच त्याच चुका दिसल्या. त्यांना 'सव्यभिचार' म्हणा किंवा आजच्या पुस्तकातले नाव द्या, चूक तीच राहते.

२२/ पाचवे काम : लहान शब्दांवर नजर ठेवणे. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे 'किमान एक'. 'सर्व नव्हेत' असा अर्थ त्यात नसतो. बोलताना मात्र 'काही मुले आली' म्हटले की बाकीची आली नाहीत, असे आपण ऐकतो. तसेच 'सर्व वकील वक्ते नसतात' आणि 'कोणताही वकील वक्ता नसतो' यांत मोठे अंतर आहे. पर्यायात 'नेहमी', 'कधीही', 'केवळ' दिसले की थांबावे : एवढे मोठे विधान पेलण्याइतका आधार उताऱ्यात आहे का?

२३/ सहावे काम इतिहासप्रेमींना सर्वांत जड जाते : उताऱ्याबाहेरचे ज्ञान बाजूला ठेवणे. उतारा पानिपतावर असेल, तर वाचकाला लेखकापेक्षा दहा गोष्टी जास्त ठाऊक असू शकतात. पण प्रश्न 'काय घडले' असा नसतो. 'या मजकुरातून काय निघते' असा असतो. खरे असलेले, पण उताऱ्यातून न निघणारे विधान हा परीक्षकाचा आवडता सापळा आहे. न्यायाधीशही समोर आलेल्या पुराव्यावरच निकाल देतो; ही शिस्त त्याच जातीची.

२४/ थोडे गणित. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला ०.२५ वजा. चार पर्यायांत डोळे मिटून निवड केली तर सरासरी लाभ जेमतेम ०.०६. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर तोच लाभ ०.३८ च्या आसपास जातो. म्हणून बाद करणे ही अर्धी लढाई. राज्याच्या विधी सीईटीत चुकीला गुण वजा होत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे घालवणे. प्रत्येक वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी, कारण नियम बदलतात.

२५/ तरीही एक प्रश्न उरतो. आकृती गेल्यामुळे अंध उमेदवारापुढची भिंत पडली; पण लांब इंग्रजी उताऱ्यांमुळे दुसरी भिंत उंच झाली नाही ना? क्लॅट इंग्रजीतच होते. ती प्रादेशिक भाषांतही व्हावी, अशी जनहित याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला गृहीतक ओळखता येते, पण एका मिनिटात इंग्रजी उतारा वाचून होत नाही, तर तिचे गुण तर्काचे की वाचनाच्या वेगाचे? आकृतीबद्दल अमेरिकेत विचारलेला प्रश्नच इथे भाषेबद्दल उभा आहे.

२६/ आणि शेवटी एक निकाल. डिसेंबर २०२४ च्या क्लॅटमधील काही प्रश्नांच्या अधिकृत उत्तरांना विद्यार्थ्यांनी आव्हान दिले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ मे २०२५ रोजी तिथे काही उत्तरांचा फैसला झाला. परीक्षा घेणाऱ्याचे उत्तरही आधार दाखवल्याशिवाय टिकत नाही, हे विधिविद्यालयात पाऊल टाकण्याआधीच काही मुलांनी सिद्ध केले.

#इतिहास #मराठी_थ्रेड